त्याची कुठली गाडी चुकली?

शमीमआपांविषयी चांगलं लिहायचं म्हटलं की माझा हात अजूनही जरा आखडतो. वाईट लिहायला काही सापडत नाही म्हणून चांगलं लिहितो आहे, असं समजा. मनमाड स्टेशनच्या चौकशी खिडकीवर त्या एकतीस वर्षं बसल्या, साठाव्या वर्षी निवृत्त झाल्या आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत गंगापूर रोडवरच्या माझ्या घरात येऊन त्यांनी माझी खुर्ची घेतली. घेतली म्हणजे हिसकावली नाही. मीच उठून दिली, तीही हसत हसत, आणि पुढे दोन वर्षं त्या हसण्याचा पश्चात्ताप करत बसलो.

खुर्ची कसली, ते आधी सांगायला हवं. दर रविवारी दुपारी दोन ते सहा माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती एक खेळ चालतो. एक जण सूत्रधार असतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी चोर. सूत्रधार गोष्ट सांगतो, मध्येच थांबून विचारतो, "आता तू काय करशील?" समोरचा जे करीन म्हणेल ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. नायक खेळाडूंचे असतात. खलनायक मात्र सूत्रधाराने घडवायचा आणि त्याचं बोलणंही त्यानेच बोलायचं. नाशकात हा खेळ मी आणला असं मी सांगत फिरतो. खरंखोटं देव जाणे, पण माझ्या ओळखीत तरी माझ्याआधी कुणी खेळत नव्हतं. कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे किल्ले, तह, फितुरी यांचा साठा घरचाच. सात वर्षं टेबलाच्या टोकाची ती हातांची खुर्ची माझी होती.

टेबलावर तीन जण कायमचे. प्राजक्ता दातांची डॉक्टर, माझी शाळेपासूनची मैत्रीण. भूषण माझा जुना विद्यार्थी. पिंपळगाव बसवंतला त्यांची द्राक्षाची बाग आणि पॅकहाउस आहे, म्हणून हंगामात हा गडी ऐन लढाईत तलवार टाकून फोन घ्यायला गॅलरीत पळायचा. तिसरा इम्रान, सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. शमीमआपा त्याची खाला, म्हणजे मावशी.

त्या पहिल्यांदा आल्या त्या खेळायला आल्याच नव्हत्या. नाशकात डोळे तपासायला आल्या होत्या. डोळ्यांत औषध घातल्यावर दोन-तीन तास धूसर दिसतं, एकटीला गाडीत कशी बसवणार, म्हणून इम्रान त्यांना घेऊनच आला. डोक्यावरून ओढणी, डोळ्यांवर डॉक्टरने दिलेला काळा चष्मा, हातात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी. "तुमचं चालू द्या," म्हणाल्या आणि कोपऱ्यात बसल्या.

त्या दिवशी माझा खलनायक होता कालभुजंग. काळं चिलखत, काळा घोडा, आणि आवाज असा की माझा घसा संध्याकाळपर्यंत बसायचा. त्याने तिसरं गाव जाळलं. आधी धान्याची कोठारं पेटवली, मग घरं. मी टेबलावर मूठ आपटून त्याचं विकट हास्य हसलो. हसून झाल्यावर कोपऱ्यातून आवाज आला.

"साहेब, एक विचारू का? ह्याची कुठली गाडी चुकली?"

मी म्हणालो, "आपा, ही हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रेल्वे नव्हती तेव्हा."

सगळे हसले. त्याही हसल्या.

"तसं नाय हो. खिडकीवर माणूस यायचा, काचेवर हात आपटायचा, आईबहीण काढायचा. नवीन होते तवा मी घरी जाऊन रडायचे. मग कळलं, शिव्या मला नसतात. त्याची गाडी चुकलेली असते. आणि नुसती गाडी पण नसते ती. कुणाला बापाच्या मयताला पोचायचं असतं, कुणाला नोकरीच्या मुलाखतीला. मग मी शिव्या होऊ द्यायचे आणि विचारायचे, भाऊ, कुठली गाडी चुकली? निम्मे तिथंच थंड व्हायचे. ह्यानं तीन गावं जाळली. ह्याला कुणी विचारलं का?"

प्राजक्ता माझ्याकडे वळली. "खरंच की रे हेमंत. का जाळतो हा?"

"जग जिंकायचं आहे त्याला," मी म्हणालो.

"जिंकून करणार काय सर?" भूषणने विचारलं. सात वर्षांत या पोराने मला असला प्रश्न विचारला नव्हता.

आपा म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं ना, आधी कोठार जाळलं, माणसं नंतर. माणूस आधी धान्यावर राग काढतो म्हणजे कधी तरी ह्याच गावांतून उपाशी परत गेलेला हाय."

कोठारं आधी जाळली ती मला जाळ उंच दाखवायचा होता म्हणून. पण मी तसं म्हणायच्या आत इम्रानचा चोर फासा न टाकता उठला आणि कालभुजंगाच्या छावणीत भाकरी घेऊन गेला. पुढचा तासभर जे बोलणं झालं तसं माझ्या टेबलावर पूर्वी कधी झालं नव्हतं. सगळे बेहद्द खूश होते. मला मात्र बरं वाटत नव्हतं, आणि तो घशाचा त्रास आहे असं मी ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी आपा डोळ्यांत औषध नसताना आल्या. मग दर रविवारी. मनमाडहून गाडीने एकला नाशिकरोड, तिथून सिटी बस, दोनला पाच कमी असताना माझी बेल. दोन वर्षांत त्या एकदाही उशिरा आल्या नाहीत. खेळात त्या वैदू झाल्या. फासे जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवायच्या. बोलताना समोरच्याकडे न बघता किंचित डावीकडे बघायच्या. खिडकीच्या आत वेळापत्रकाचा फळा डावीकडे होता म्हणे. आणि कुठलाही प्रश्न आधी स्वतः उच्चारल्याशिवाय उत्तर द्यायच्या नाहीत. "आपा, चहा घेणार?" "चहा घेणार का? घेणार." माहीत नाही हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. "बघून सांगते" म्हणायच्या आणि खरोखर बघून सांगायच्या, कधी कधी पुढच्या आठवड्यात.

प्राजक्ताने एकदा त्यांनाच धरलं. "आपा, तुमची कुठली गाडी चुकली?"

"माझी कुठली चुकली? माझी कशी चुकणार, मी खिडकीच्या आत होते." एवढं बोलून त्यांनी शेंगदाण्यांची पुडी प्राजक्तापुढे सरकवली. नवरा लवकर गेला, मुलगी नागपूरला दिलेली, याहून जास्त त्यांच्याविषयी कुणाला कधी कळलं नाही.

आता खुर्चीचं. परीक्षेचे पेपर तपासून मी दमलो होतो, एका रविवारी तयारीच झाली नव्हती. मी थट्टेने म्हणालो, "आपा, आज तुम्हीच सांगा गोष्ट." मला वाटलं, ओढणी सावरत नको नको म्हणतील. त्या उठल्या आणि येऊन बसल्या. सूत्रधारापुढे पुठ्ठ्याचा एक आडोसा असतो, त्याची टिपणं आणि फासे कुणाला दिसू नयेत म्हणून. तो त्यांनी उचलून खाली ठेवला. "एकतीस वर्षं काचेमागं बसले. आता काही आड नको."

त्यांची खलनायिका भीमाक्का. धरणाच्या दरवाज्यावर राहणारी म्हातारी, दरवाजा उघडत नाही म्हणून खालची सात गावं तहानेने मरायला टेकलेली. नायकांनी जायचं, तिला मारायचं, पाणी सोडायचं. माझ्या हिशोबाने तासाभराचं काम. प्राजक्ताचा योद्धा कुऱ्हाड घेऊन आत शिरला तर भीमाक्का म्हणाली, "ये बाळा, चहा ठेवलाय." खालच्या आवाजात. आपांचे खलनायक कधी ओरडत नसत. ज्याच्या हातात दरवाजा आहे तो कशाला ओरडेल, असं त्यांचं म्हणणं.

चहा पिता पिता कळलं. बारा वर्षांपूर्वी सात गावांनी पाणी मागितलं तेव्हा भीमाक्काने दरवाजा उघडला होता. खाली नदीच्या वाळूत टरबुजांच्या वाड्या होत्या. वाडीवाल्यांना निरोप द्यायचं काम गावांकडे होतं. गावांनी निरोप दिला नाही, घाई होती. वाडीत तिचा नवरा आणि दोन मुलं होती.

"आता निरोप पोचला का ते मला कोण सांगणार?" भीमाक्काने विचारलं. "तुम्ही म्हणता उघड. मागच्या वेळी पण असंच म्हणाले होते."

प्राजक्ताने फासा खाली ठेवला. भूषण उठून गॅलरीत गेला, आणि तेव्हा त्याचा फोन वाजलेला नव्हता. बागेच्या पाण्याच्या पाळीवरून त्याच्या घरात काय काय झालंय ते त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. आपांना त्याने त्या आठवड्यात फोन करून सांगितलं. ती भीमाक्का तीन रविवार चालली. तिला कुणी मारलं नाही आणि तिचं चुकत होतं हेही कुणी विसरलं नाही. अखेर इम्रानने सातही गावांतून एकेक माणूस आणून वाळूत झोपवला. आपलीच माणसं खाली म्हटल्यावर गावांनी निरोप पोचवला, मग तिने दरवाजा उघडला. प्राजक्ता रडली. आपा शेंगदाणे सोलत होत्या.

त्यानंतर खुर्ची त्यांचीच झाली. कुणी ठराव केला नाही. भीमाक्काच्या दुसऱ्याच रविवारी मी खुर्चीकडे निघालो तर भूषण म्हणाला, "सर, आपांची गोष्ट अर्धी हाय ना," आणि मी बाजूच्या स्टुलावर बसलो, माझ्याच घरात.

मला हेवा वाटत होता म्हणणं फार सभ्य होईल. मी जळत होतो. माझ्याकडे नकाशे होते, राजघराण्यांच्या वंशावळी होत्या, तीन वह्या भरून टिपणं होती. त्या बाईकडे शेंगदाण्यांची पुडी होती. आणि आठवडाभर सगळे बोलत ते तिच्या माणसांविषयी. माझ्या सात वर्षांतल्या एकाही दुष्टाचं नाव त्यांच्यापैकी कुणाला आठवत नव्हतं. मी एकदा सहज म्हणून विचारून पाहिलं. इम्रान म्हणाला, "तो एक काळा घोडेवाला होता ना?" तोसुद्धा आपांनी भाकरी खायला लावलेला.

मग मी त्यांची नक्कल केली. ईद होती, त्या रविवारी आपा येणार नव्हत्या, मी महिनाभर खपून एक खलनायक घडवला. त्याची आई वणव्यात गेलेली, भाऊ युद्धात गेलेला, बायकोने टाकलेला, आणि पायाने अधू असा एक कुत्राही मी त्याला दिला. त्याची कहाणी सांगून मी थांबलो. भूषणने डोकं खाजवलं.

"सर, ह्याचं तर अख्खं टाइमटेबलच चुकलंय."

हसता हसता प्राजक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही चुकीच्या कारणाने. हे आपांच्या कानावर गेलंच. पुढच्या आठवड्यात मला स्वयंपाकघरात एकट्याला गाठून म्हणाल्या, "हेमंतसर, दुःख एकच ठेवा. लय झालं की माणूस दिसंनासा होतो. कुत्रा चांगला होता पण." त्यांनी टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या मनापासून शिकवत होत्या. माणसाने शिकायचं वय आणि शिकायची तयारी यांचा मेळ बसला नाही की असं होतं.

त्यानंतर मी जे केलं ते आता लिहितो.

एका बुधवारी मी आमच्या ग्रुपवर टाकलं की रविवारची दुपार सगळ्यांचीच जाते, आपण सकाळी दहा ते एक खेळू, नंतर मिसळ खाऊ, संध्याकाळ मोकळी. प्राजक्ताने लगेच अंगठा टाकला, भूषणनेही. टाकण्याआधी मी अर्धा तास मोबाइलवर गाड्या बघितल्या होत्या. मनमाडहून सकाळची जी गाडी आपांना सोयीची होती ती साडेदहाला नाशिकरोडला यायची, म्हणजे माझ्याकडे पोचायला साडेअकरा. तिच्या आधीची पहाटेची. पहाटेच्या अंधारात आपांना दिसत कमी आणि इम्रानने त्यांना तसं निघायला बंदी केलेली, हेही मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच दहाची वेळ काढली. जी बाई एकतीस वर्षं लोकांना गाड्यांच्या वेळा सांगत आली, तिला मी गाड्यांच्या वेळेत पकडायला निघालो होतो.

आपांचं उत्तर आलं, "बघून सांगते." दहा मिनिटांनी, "दहा वाजता मला जमणार नाही. तुम्ही खेळा."

मी खुर्चीवर बसलो. आडोसा पुन्हा उभा केला. पहिला रविवार बरा गेला. दुसऱ्या रविवारी इम्रान आला नाही, त्याला म्हणे ओव्हरटाइम होता. तिसऱ्याला प्राजक्ताचा पेशंट निघाला. चौथ्या रविवारी मी आणि भूषण दोघंच समोरासमोर बसलो होतो, आणि तो एका हाताने फासा टाकत दुसऱ्या हाताने मोबाइलवर मजुरांशी बोलत होता. पाचव्याला बेलच वाजली नाही. मांडलेल्या बरण्या-बशा मी परत फडताळात ठेवल्या. बायको म्हणाली, "आज खेळ नाही का?" मी म्हणालो, "आहे, सगळे उशिरा येतायत." मग एक वाजेपर्यंत त्या खुर्चीत बसून राहिलो.

त्या बुधवारी मी ग्रुपवर लिहिलं, सकाळ काही जमत नाही, पुन्हा दोनच ठेवू. कारण म्हणून द्राक्षाचा हंगाम पुढे केला. रविवारी दोनला पाच कमी असताना बेल वाजली. आपांनी चपला काढल्या, "पाणी देता का" म्हणाल्या आणि पाणी पिऊन खुर्चीत बसल्या. त्या पाच रविवारांविषयी एक अक्षर काढलं नाही. मला वाटलं, सुटलो.

गोष्ट सुरू झाली. डोंगरावर एक तटबंदीचं गाव. वेशीत राघो नावाचा माणूस तास वाजवतो. त्याच्या संध्याकाळच्या ठोक्याला वेशीचं दार लागतं, मग सकाळपर्यंत उघडत नाही. गेल्या महिन्यात दार लवकर लागलं, सुईण बाहेरच्या वाडीवर अडकली आणि आत एक बाळंतीण गेली. नायकांनी शोधायचं, दार लवकर का लागलं.

भूषणने दहा मिनिटांत राघोला धरून आणलं. राघो नाकबूल गेलाच नाही.

"एक तास आधी ठोका दिला," आपा राघोच्या आवाजात म्हणाल्या. "एकच तास. वाडीवरून तेलीण यायची, पारावर बसून गोष्टी सांगायची. तिच्यापुरतं दार लावायचं होतं. दार एकापुरतं लागत नाय, हे ध्यानातच आलं नाय."

"तिने तुझं काय वाकडं केलं होतं?" प्राजक्ताने विचारलं.

"काय वाकडं केलं होतं? कायपण नाय. तिच्या आधी पारावर मी बोलायचो. वीस वर्षं. लोक दिवसभराचं माझ्याकडून ऐकायचे. ती आली आणि तिचं ऐकू लागले. तिच्या गोष्टीला मी पण हसायचो हो. सगळ्यांत मोठ्यानं हसायचो. मग घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून निजायचो. बायकोनं विचारलं तर सांगायचो, पाठ दुखती."

मी मान वर केली नाही. भिंतीकडे तोंड करून निजण्याबद्दल मी जगात कुणाला बोललो नव्हतो, आणि माझीही पाठच दुखत असे. आपा डावीकडे बघत होत्या. संपूर्ण दुपारभर त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि त्याबद्दल मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानत होतो.

"आता सांगा," त्या म्हणाल्या, "ह्याचं काय करायचं? एकेकानं सांगायचं."

"हाकला गावाबाहेर," भूषण म्हणाला. "बाई मेली तिथं."

प्राजक्ताने फासा बोटांत फिरवला. "ठोका दुसऱ्याकडे द्या. पण त्याला राहू दे. घर त्याचंच आहे."

"मी प्राजक्ताताईंबरोबर," इम्रान म्हणाला.

माझी पाळी आली. राहू दे म्हटलं तर माझं बिंग फुटेल अशी मला धास्ती वाटली. मी ताठ बसलो आणि वर्गात बोलतो तसा बोललो. कारण काहीही असो, गुन्हा तो गुन्हाच, असल्या माणसाला वेशीच्या आत थारा नको, हाकला. चांगली पाच मिनिटं बोललो. इतकं कठोर त्या टेबलावर कुणीच बोललं नव्हतं.

"बरोबर हाय सर तुमचं," आपा म्हणाल्या. "कारण खरं असलं म्हणून करणं खरं होत नाय." मग त्यांनी बोटांवर मोजलं. "दोन इकडं, दोन तिकडं. मग राघो वेशीच्या दारातच बसंल. आत नाय, बाहेर नाय." आणि फासे चष्म्याच्या डबीत भरले. निघताना चपला घालता घालता सांगितलं की मुलीला दुसरं बाळ झालंय, त्या आता कायमच्या नागपूरला चालल्यात, दोन आठवड्यांनी गाडी आहे.

गाडीच्या दिवशी आम्ही त्यांना निरोप द्यायला मनमाडला निघालो. मी आणि प्राजक्ता नाशकातून, भूषणला पिंपळगावला हायवेवर घेतला. इम्रान आधीच तिथे होता. चांदवड मागे पडल्यावर माझ्याच्याने राहवेना. स्टिअरिंग धरून समोर बघत मी सगळं सांगून टाकलं: दहाची वेळ, मोबाइलवर बघितलेल्या गाड्या, पहाटेचा अंधार.

"माहीत आहे," प्राजक्ता म्हणाली.

"इम्रानने सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे?" मागून भूषण म्हणाला. "तास वाजवणारा, एक तास आधी ठोका. आम्ही काय येडे हाय का सर?"

"त्या तुझ्याकडे एकदाही बघत नव्हत्या," प्राजक्ता म्हणाली. "तेव्हाच कळलं. आणि तू हाकला म्हणून एवढं भाषण ठोकलंस, तेव्हा मला तुझी इतकी दया आली."

मी आरशातून भूषणकडे पाहिलं. "तू पण हाकला म्हणालास."

"राघोला म्हणालो." तो खिडकीकडे वळला. "तुम्हाला पण म्हणालो. पाच रविवार आपांनी फोनवर मला विचारलं, खेळ कसा झाला. मी सांगायचो, चांगला झाला. मला खोटं बोलायला लागलं सर. मत अजून तेच हाय माझं. पण ह्या रविवारी दोनला येतो."

मी बरं म्हणालो.

प्लॅटफॉर्मवर आपांभोवती गर्दी होती. हमाल, चहावाले, तिकीट खिडकीवरची एक मुलगी, जो तो येऊन सलाम करून जात होता. त्या दोन बॅगांच्या मध्ये उभ्या होत्या. इम्रान डबा कुठे लागेल ते बघायला पुढे गेला होता. मला एकट्यात बोलायला मिनिटभर मिळालं.

"आपा, यांना सांगितलं मी."

"सांगितलं का? बरं केलं. काय म्हणाले?"

"भूषण म्हणतो, मत तेच आहे."

"म्हणू दे. त्याचा हक्क हाय तेवढा." मग पहिल्यांदाच त्यांनी डावीकडे न बघता सरळ माझ्याकडे पाहिलं. "आता दारातून उठा, हेमंतसर. आत जा आणि बोला काय तरी."

गाडी आली. इम्रानने बॅगा चढवल्या. आपांच्या खिडकीजवळच्या जागेवर एक जाडजूड बाई टोपली मांडीवर घेऊन बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती. इम्रान तिकीट तपासनिसाला बोलवायला निघाला तर आपांनी हाताने थांबवला आणि त्या बाईच्या शेजारी, उरलेल्या वीतभर जागेवर टेकल्या. बाई अजून तावातावाने काही सांगत होती. गाडी हलली तेव्हा आपा मान कलती करून तिचं ऐकत होत्या. आमच्याकडे हात करायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. भूषण डब्याबरोबर चार पावलं चालला आणि थांबला. प्राजक्ताने नाक पुसलं.

बाईने तोवर टोपली मांडीवरून खाली ठेवली होती, आणि ती आता आपांकडे वळून, हळू आवाजात बोलत असावी, कारण आपा आणखी थोड्या तिच्याकडे झुकल्या होत्या. मनमाडपासून नागपूरपर्यंतचा सगळा प्रवास तिला आपांच्या शेजारी मिळणार होता, आणि तिला त्याची काही कल्पना नव्हती. मला त्या बाईचा इतका हेवा वाटला की मी डबा दिसेनासा होईपर्यंत तिथून हललो नाही.